लुकाच्या पाठराखणीला

प्रश्न : आदरणीय ताई, सादर नमस्कार. माझे माहेर पंचवटीतले आणि सासर गंगापूर रोडचे. गेली पंधरा-सोळा वर्षे आम्ही अमेरिकेत डॅलसजवळ राहतो. माझे यजमान डॅलस मॅव्हरिक्स या बास्केटबॉल संघाचे कट्टर पाठीराखे आहेत. २०११ साली, आम्ही इथे नवखे असताना, या संघाने विजेतेपद मिळवले आणि तेव्हापासून हे शहर त्यांना आपले वाटू लागले. आमचा तेरा वर्षांचा मुलगा मात्र या संघात खेळलेल्या लुका डॉन्चिचचा भक्त आहे. लुकाला लॉस एंजेलिस लेकर्सकडे पाठवले तेव्हा तो चार दिवस नीट जेवला नाही, आणि नंतर त्याने जाहीर करून टाकले की आपण आता लेकर्सचे. घरात त्याच्या 'पक्षांतराची' थट्टा सुरू झाली. गेल्या महिन्यात सामना पाहताना यजमान म्हणाले, "आज टीम सोडलीस, उद्या आम्हाला सोडशील." मुलगा उठून खोलीत गेला. सासरे तेव्हा नाशिकहून व्हिडिओ कॉलवर होते; त्यांनी सगळे ऐकले आणि ते काहीच बोलले नाहीत. मुलाला निष्ठा शिकवायला हवी हे मलाही पटते, पण ती अशी शिकवायची का?

उत्तर : तुमचे पत्र वाचताना मी थबकले ती सासऱ्यांच्या गप्प राहण्यापाशी. त्याकडे मी पुढे येते. आधी खेळाचे पाहू, कारण बापलेक निष्ठा हा एकच शब्द धरून दोन निराळ्या गोष्टींविषयी भांडत आहेत, असे मला दिसते.

लुकाने डॅलस सोडले नव्हते. त्याला पाठवून देण्यात आले. १ फेब्रुवारी २०२५ च्या रात्री तुमच्याकडे ती बातमी फुटली तेव्हा इथे नाशकात रविवारची सकाळ होती. त्याच्या जेमतेम आठ महिने आधी पंचवीस वर्षांच्या या मुलाने संघाला अंतिम फेरीत नेले होते, आणि तिथे बोस्टनकडून हार पत्करावी लागली तरी पुढची दहा वर्षे संघ त्याच्याभोवतीच उभा राहील, असे सगळे धरून चालले होते. एनबीए या तिकडच्या बास्केटबॉल लीगमध्ये खेळाडूचा करार एक संघ दुसऱ्या संघाकडे सोपवू शकतो, आणि मोजके अपवाद सोडले तर खेळाडूला त्याला नकार देता येत नाही. त्या रात्री लुकाच्या बदल्यात डॅलसने जो मुख्य खेळाडू घेतला तो अँथनी डेव्हिस, लुकाहून सहा वर्षांनी मोठा. चाहते मैदानाबाहेर जमून निदर्शने करू लागले, त्यात तुमच्या यजमानांच्या वयाची माणसेही होती, आणि ज्या महाव्यवस्थापकांनी हा व्यवहार केला त्यांना नोव्हेंबर २०२५ मध्ये पद सोडावे लागले. तेव्हा या प्रकरणात कोणी कोणाची साथ सोडली, असा प्रश्न विचारायचाच झाला, तर तुमच्या मुलाचे नाव त्या यादीत फार खाली येईल.

आपल्याकडे नवी नवरी सासरी निघाली की तिच्याबरोबर पाठराखीण जात असे. अनोळखी घरात पहिले काही दिवस एक तरी ओळखीचा चेहरा असावा, एवढाच त्यामागचा हेतू. पाठराखीण गेली म्हणून तिने गाव सोडले, असे कोणी म्हणत नसे. तुमचा मुलगा लुकाच्या पाठराखणीला गेला आहे. निळ्या सदऱ्यावरचा लुकाचा ७७ हा आकडा जांभळ्या-पिवळ्या सदऱ्यावर गेला, तशी त्याची नजरही त्या आकड्यामागे गेली.

माझ्या घरची एक गोष्ट सांगते. नाशिक क्रिकेटच्या हिशेबात महाराष्ट्र संघटनेत मोडते, मुंबईत नाही. माझे वडील जन्माने आणि वृत्तीने अस्सल नाशिककर. पण रणजी सामन्यांत ते मुंबईच्या बाजूने असत, कारण गावसकर मुंबईचे. पुण्याचे काका त्यांना यावरून दर दिवाळीला फितूर म्हणत. वडील शांतपणे उत्तर देत की महाराष्ट्राने रणजी करंडक शेवटचा जिंकला तो १९४०-४१ मध्ये, आणि मुंबईने १९५८-५९ पासून सलग पंधरा वेळा; मग फितुरी करायचीच तर निदान चांगल्या घरात करावी. पुढे महाराष्ट्राचा सामना आपल्या गोल्फ क्लब मैदानावर होऊ लागला, तेव्हा हेच वडील सकाळी डबा घेऊन पहिल्या चेंडूआधी हजर असत आणि महाराष्ट्राची विकेट पडली की हळहळत. गावसकर निवृत्त होऊन कितीतरी वर्षे झाली होती. माणसामागे गेलेले मन गावाकडे परतले ते आपणहून. काकांच्या टोमण्यांनी ते आधी परतले असते असे मला वाटत नाही.

मात्र वडिलांच्या त्या उत्तरात एक चोरकप्पा होता, आणि तुमच्या मुलाशी बोलताना तो उघडावा असे मी सुचवेन. माणसामागे जाणे आणि विजयामागे जाणे या दोन गोष्टी बाहेरून अगदी सारख्या दिसतात. २०१६ मध्ये केव्हिन ड्युरँट आपल्या ओक्लाहोमा सिटीचा संघ सोडून गोल्डन स्टेट वॉरियर्सकडे गेला, तो स्वतःच्या इच्छेने, आणि तेही आदल्या मोसमात ७३ सामने जिंकलेल्या संघाकडे, ज्याने महिनाभरापूर्वी त्याच्याच संघाला मालिकेच्या सातव्या सामन्यात हरवले होते. त्याच्याबरोबर जे चाहते वॉरियर्सचे झाले त्यांच्यात पाठराखे किती आणि वरातीतले किती, हे सांगणे कठीण होते. लेकर्ससुद्धा सतरा विजेतेपदांचे श्रीमंत घर आहे. म्हणून मुलाला एवढेच विचारा, तेही त्याच्या वडिलांसमोर नव्हे : उद्या लुकाला एखाद्या रडतखडत चालणाऱ्या संघाकडे पाठवले, तर तू त्यांचे सामने पाहशील का? तो "हो" म्हणाला तर त्याच्या निष्ठेची काळजी तुम्ही करू नका. तो अडखळला, तरी रागवू नका. तेरा वर्षांच्या मुलाला जिंकणाऱ्याचा मोह पडावा, यात जगावेगळे काही नाही.

तुमच्या यजमानांची बाजूही मला हलकी वाटत नाही. परक्या शहरात पहिल्या एक-दोन वर्षांत कोणीतरी आपल्याला रस्त्यात हात उंचावून हसावे, कचेरीत बोलायला विषय मिळावा, हे त्यांना त्या संघाने दिले. डर्क नोव्हिट्स्की एकवीस मोसम त्याच एका संघासाठी खेळला. असा खेळाडू पाहत ज्याची चाहतेगिरी घडली, त्याला संघ आणि माणूस वेगळे काढावे लागतील असे कधी वाटलेच नसणार. पण शहरावरच्या निष्ठेलाही शाश्वती नसते. सिएटलच्या लोकांनी एकेचाळीस मोसम ज्या सुपरसॉनिक्सवर जीव लावला, तो अख्खा संघच २००८ मध्ये ओक्लाहोमा सिटीला हलवण्यात आला. तिथल्या बापांनी मुलांना काय सांगितले असेल, याचा विचार तुमच्या यजमानांनी एकदा करावा. आणि कूपर फ्लॅग डॅलसकडे आल्यापासून त्यांची कळी पुन्हा खुलली असेल, तर त्यांनाही एका पोरसवदा खेळाडूनेच सावरले आहे, हे त्यांना हसत हसत दाखवून द्यायला हरकत नाही.

आता सासऱ्यांकडे येते. "उद्या आम्हाला सोडशील" हे वाक्य ज्यांनी उच्चारले ते स्वतः गंगापूर रोडवरचे घर सोडून गेलेले आहेत, आणि ते वाक्य त्या घरात बसलेल्या त्यांच्या वडिलांनी ऐकले. त्या वडिलांनी मुलाला जाताना हे ऐकवले नव्हते, असे मी धरून चालते. त्यांनी ते ऐकवले असते तर तुमचे यजमान आज ते इतक्या सहज बोलले नसते. परदेशातल्या अनेक घरांत मी पाहते की आईबापांच्या मनात गावाविषयीचे जे अपराधीपण साचलेले असते, ते मुलांच्या लहानसहान निवडींवर सांडते : भाषा, जेवण, मित्र, आणि आता बास्केटबॉलचा संघ. यजमानांना हे तुम्ही सांगू नका, ते त्यांना टोचेल. त्यांनी एखाद्या सकाळी बाबांना एकट्याने फोन करावा, एवढे सुचवा. विषय आपोआप निघेल. मुलाची माफी मात्र त्यांनी त्याच दिवशी मागायला हवी होती, आणि उशीर झाला म्हणून ती चुकवू नये. "ते वाक्य मी रागात बोललो, ते चुकीचे होते", एवढे पुरे. त्याला "पण तूही" हे शेपूट नको.

एक व्यवहाराची अडचण तुम्ही लिहिलेली नाही, पण ती तुमच्याकडे असणारच. लेकर्सचे घरचे सामने बहुधा तिकडच्या साडेसातला सुरू होतात, म्हणजे तुमच्याकडे रात्रीचे साडेनऊ, आणि ते संपेपर्यंत मध्यरात्र होते. शाळेच्या दिवशी पहिला क्वार्टर, म्हणजे सामन्याचा पहिला पाव भाग, पाहून झोपायचे, हा नियम करा. हा नियम झोपेसाठी आहे, लेकर्ससाठी शिक्षा नाही, हेही त्याला सांगा. हिवाळ्यात त्या वेळी नाशकात सकाळचे नऊ वाजलेले असतात, आणि निवृत्त माणसाला यापेक्षा सोयीची वेळ नाही. पुढचे तीन क्वार्टर आजोबांनी पाहावेत आणि मुलगा सकाळी उठेल तेव्हा त्याला आवाजी निरोपातून सामना सांगावा. आजोबांना नियम अर्धेच कळत असतील तर उत्तम. नातवाला समजावून सांगण्याची संधी मिळेल, आणि रोजचे मराठीही त्या निमित्ताने होईल.

लुका ९ एप्रिल २०२५ रोजी पाहुणा म्हणून डॅलसला आला तेव्हा सामन्याआधी पडद्यावर त्याची जुनी चित्रफीत दाखवली गेली, तो टॉवेलात तोंड लपवून रडला, मग त्याने डॅलसवर ४५ गुण चढवले, आणि लोकांनी प्रतिस्पर्धी असूनही त्याच्या नावाचा गजर केला. पुढच्या वेळी लेकर्स तुमच्या गावी येतील तेव्हा तिकिटे काढा. यजमानांनी आपला निळा सदरा घालावा, मुलाने हवा तो. तुमच्याकडचे साडेसात म्हणजे हिवाळ्यात इथले सकाळचे सात. आजोबांना आदल्या दिवशी आठवण करा, चहा आटोपून बसतील.