सॅनिटायझर वापरूनही उलट्या-जुलाब घरभर का पसरले?

प्रश्न : घरात एकाला उलट्या-जुलाब झाले. आम्ही सगळ्यांनी दिवसभर सॅनिटायझर वापरलं, तरी दोन दिवसांत आणखी तिघं आजारी पडली. कुठे चुकलं?

उत्तर : इतक्या झपाट्याने घर गाठणारा आजार बहुधा नोरोव्हायरसचा असतो. फ्लू किंवा कोरोनाच्या विषाणूवर चरबीचं आवरण असतं. अल्कोहोल ते फोडतं, म्हणून तिथे सॅनिटायझर उपयोगी पडतं. नोरोव्हायरसला असं आवरणच नसतं. इथे साबण आणि वाहतं पाणीच हवं. साबण या विषाणूला मारत नाही, त्वचेवरून सुटा करतो. पाणी त्याला वाहून नेतं. त्यामुळे किमान २० सेकंद चोळणं महत्त्वाचं. तळवे सगळेच चोळतात. राहून जातात ते अंगठे, बोटांची टोकं आणि नखांखालची जागा.

घोळाचं दुसरं कारण भाषेतच आहे. फरशीवर औषध फवारलं तरी आपण ‘निर्जंतुकीकरण’ म्हणतो आणि शस्त्रक्रियेची हत्यारं ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या वाफेच्या यंत्रात, घातली तरी तोच शब्द वापरतो. खरं तर सफाई, जंतुनाशन आणि निर्जंतुकीकरण या तीन वेगळ्या पायऱ्या आहेत. सफाई म्हणजे घाण आणि तिच्यासोबतचे बरेचसे जंतू काढून टाकणं. जंतुनाशन म्हणजे पृष्ठभागावरचे बहुतेक रोगजंतू रसायनाने मारणं; चिवट बीजाणू, म्हणजे काही जंतूंची टणक कवचातली सुप्त रूपं, त्यातूनही वाचू शकतात. निर्जंतुक म्हणजे बीजाणूंसकट काहीही जिवंत न उरणं. त्यासाठी दाबाखालची वाफ १२१ अंश सेल्सिअसला १५ मिनिटं लागते. घरात आपण पहिल्या दोन पायऱ्याच करू शकतो आणि त्या पुरतात, मात्र क्रम चुकता कामा नये.

उलटी पुसताना हातमोजे आणि मास्क घाला. कागदी रुमाल टाकून ती टिपून घ्या, कडेकडून मध्याकडे, म्हणजे डाग पसरत नाही. रुमाल पिशवीत घालून तोंड बांधा. मग साबणाच्या पाण्याने जागा पुसा. ही पायरी गाळून थेट ब्लीच ओतलं, तर ब्लीचची ताकद घाणीतच खर्च होते आणि जंतूंसाठी काही उरत नाही. हीच चूक सगळ्यात जास्त होते. आता ५ टक्के सोडियम हायपोक्लोराइट असलेलं ब्लीच १०० मिली आणि साधं पाणी ९०० मिली मिसळा. हे ०.५ टक्क्याचं द्रावण झालं. जागा पूर्ण ओली करा, १० मिनिटं ओलीच राहू द्या, मग पाण्याने पुसा. लगेच पुसलं तर जंतुनाशन होतच नाही. नळाच्या तोट्या, दाराच्या कड्या, फ्लशचं बटण यांना ०.१ टक्के पुरतं, म्हणजे २० मिली ब्लीच आणि ९८० मिली पाणी. धातूवर ते साचू देऊ नका, गंज चढतो. गरम पाणी वापरू नका, द्रावण रोज नवं करा आणि खिडक्या उघड्या ठेवा. संडास साफ करायच्या ॲसिडमध्ये ब्लीच कधीही मिसळू नका. विषारी क्लोरीन वायू निघतो.

उलट्या-जुलाब थांबल्यावरही दोन दिवस त्या माणसाने इतरांसाठी स्वयंपाक करू नये. बरं वाटू लागल्यावरही विषाणू शौचातून बाहेर पडत राहतो.

प्रश्न : पुरळ दिसताक्षणी मोठ्याला वेगळ्या खोलीत ठेवलं, तरी धाकटीला कांजिण्या झाल्याच. असं कसं?

उत्तर : लागण होण्यापासून लक्षणं दिसेपर्यंतचा काळ म्हणजे अधिशयन काळ. कांजिण्यांत तो १० ते २१ दिवसांचा असतो. रोगी दुसऱ्याला आजार देऊ शकतो तो संसर्गक्षम काळ. कांजिण्यांत तो पुरळाच्या एक-दोन दिवस आधीच सुरू होतो आणि सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत चालतो. तुम्ही खोली वेगळी केलीत, तोवर धाकटीला लागण होऊन गेली असणार. घरात कांजिण्या किंवा लस न झालेली गर्भवती असेल, तर फोड येण्याची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.

प्रश्न : आयसोलेशन आणि क्वारंटाइन एकच का?

उत्तर : नाही. आजारी माणसाला वेगळं ठेवणं म्हणजे आयसोलेशन. संपर्कात आलेल्या, पण अजून ठणठणीत दिसणाऱ्या माणसाला अधिशयन काळ संपेपर्यंत वेगळं ठेवणं म्हणजे क्वारंटाइन. हा शब्द चाळीस या अर्थाच्या इटालियन शब्दावरून आला. साथीच्या काळात जहाजांना चाळीस दिवस बंदराबाहेर थांबवत.

प्रश्न : ‘थेंबांतून’ आणि ‘हवेतून’ पसरणं यात फरक काय?

उत्तर : खोकला-शिंकेतले मोठे थेंब जवळच खाली पडतात, अतिसूक्ष्म कण हवेत तरंगत राहतात. दोन्हींच्या मध्ये काटेकोर रेघ नाही. श्वास आणि बोलण्यातून दोन्ही प्रकारचे कण निघतात. पण गोवर आणि क्षय यांत तरंगते कण निर्णायक ठरतात. गोवराचा रोगी खोलीतून निघून गेल्यावरही विषाणू तिथल्या हवेत दोन तासांपर्यंत टिकू शकतो, म्हणून तिथे अंतर राखून भागत नाही. समोरासमोरची दारं-खिडक्या उघडून हवा आरपार जाऊ द्यावी. रोग्याने साधा सर्जिकल मास्क लावावा, शुश्रूषा करणाऱ्याने एन-९५. एन-९५ लावल्यावर दोन्ही तळहात त्यावर ठेवून जोरात श्वास सोडा. नाकाशी किंवा गालाशी वारा लागला, तर मास्क नीट बसलेला नाही; नाकावरची पट्टी दाबून पुन्हा तपासा.