कृष्णविवराला पृष्ठभागच नाही, मग त्याच्याभोवती विद्युतचुंबकीय क्षेत्राची दोलनं होतात म्हणजे नेमकं काय होतं?

एमएस्सीच्या प्रोजेक्टला हेच गणित माझ्या गळ्यात पडलं होतं, म्हणून लिहितोय.

थरथरतं ते भोवतालचं क्षेत्र. सूर्याच्या 10 पट वस्तुमानाचं, न फिरणारं कृष्णविवर घ्या. त्याच्या क्षितिजाची, म्हणजे जिथून आत गेलेलं काहीच परत येत नाही त्या सीमेची, त्रिज्या साधारण 30 किमी. तिच्या दीडपट अंतरावर, म्हणजे 44 किमीच्या आसपास, प्रकाश वर्तुळात फिरू शकतो, पण जेमतेम. जरा ढळला की एकतर आत, नाहीतर बाहेर. मॅक्सवेलची, म्हणजे विद्युतचुंबकीय क्षेत्राची, समीकरणं या वक्र अवकाशात मांडली की बरोबर त्याच जागी लहरींच्या वाटेत एक टेकाड उभं राहतं. क्षेत्राला धक्का बसला की लहरी तिथे घुटमळतात आणि दोन्ही बाजूंनी गळून जातात.

माठ घेताना आपण टिचकी मारून बघतो. आवाजावरून माठ कळतो, बोट नव्हे. इथेही धक्का कुणी दिला याला महत्त्व नाही. स्वर ठरतो वस्तुमानावरून, आणि कृष्णविवर फिरत असेल तर त्या फिरण्यावरून. आपल्या उदाहरणात सर्वांत खालचा विद्युतचुंबकीय स्वर येतो सुमारे 800 हर्ट्झ. पण हा माठ अगदीच बद्द! एक दोलन पुरं होईपर्यंत लहरीची उंची दहाव्या हिश्श्यावर आलेली असते. या गळतीमुळेच वारंवारता संमिश्र संख्या येते: तिचा वास्तव भाग स्वर सांगतो, काल्पनिक भाग तो किती वेगाने विरतो ते. तिच्या काल्पनिक भागाचं चिन्ह मी उलटं घेतलं होतं, त्यामुळे माझी लहर विरायची सोडून फुगत चालली होती. दोन आठवडे चूक सापडेना.

हा स्वर रेडिओ दुर्बिणीला मिळेल का? नाही. ताऱ्यांच्या मधल्या जागेतही विरळ प्लाझ्मा, म्हणजे विद्युतभारित कणांचा वायू, असतो, आणि त्यातून इतक्या कमी वारंवारतेच्या रेडिओ लहरी पुढे सरकतच नाहीत.

गुरुत्वीय लहरींना, म्हणजे खुद्द अवकाशकाळातल्या तरंगांना, ही अडचण नाही, आणि त्यांचं गणितही जवळपास असंच आहे. बंगळुरूचे भौतिकशास्त्रज्ञ सी. व्ही. विश्वेश्वरा यांनी 1970 मध्ये कृष्णविवरावर गुरुत्वीय लहरींचे स्पंद आकडेमोडीत सोडून पाहिले. रुंद स्पंदांनी काही घडलं नाही. स्पंद पुरेसा अरुंद केला तेव्हा मात्र परतणाऱ्या लहरीच्या शेपटाला ठरलेला, विरत जाणारा स्वर होता. टिचकी मारायची तर ती नेमकी हवी, तळहाताने थोपटून माठ वाजत नाही. 14 सप्टेंबर 2015 ला लायगो या अमेरिकेतल्या गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या वेधशाळेने दोन कृष्णविवरांच्या विलीनीकरणाचा संदेश टिपला, त्याच्या शेवटी हेच विरणारं शेपूट होतं, साधारण 250 हर्ट्झचं.