लाल समुद्रात अमेरिकेच्या मोहिमेत भारत का गेला नाही?

माझ्या मते न जाणंच बरोबर होतं, आणि हे मी नाशिकचा द्राक्षवाला म्हणून सांगतोय, ज्याला त्या समुद्राची झळ थेट बसली. डिसेंबर २०२३ मध्ये हुथींचे, म्हणजे येमेनमधल्या इराणचा पाठिंबा असलेल्या बंडखोरांचे, व्यापारी जहाजांवरचे हल्ले वाढले तेव्हा अमेरिकेने अनेक देशांना घेऊन जहाजांच्या रक्षणासाठी ऑपरेशन प्रॉस्पेरिटी गार्डियन काढलं. आपण त्यात नाव दिलं नाही, कारण दुसऱ्याच्या झेंड्याखाली गेलं की इराणशी संबंध बिघडणार, तिथलं आपण चालवायला घेतलेलं चाबहार बंदर अडकणार, आणि आखातात आपली लाखो माणसं कामाला आहेत ती वेगळीच.

पण म्हणून आपण गप्प बसलो असं अजिबात नाही हां, अरबी समुद्रात आणि एडनच्या आखाताजवळ आपल्याच युद्धनौका उतरवल्या, मार्च २०२४ मध्ये आयएनएस कोलकाताने ३५ सोमाली चाचे पकडून मुंबईत आणले, सगळं स्वतःच्या हुकमाने.

इकडे आमचे युरोपचे कंटेनर आफ्रिकेला वळसा घालून जायला लागले, साधारण दोन आठवडे जास्त, भाडं वाढलं, आणि पेटी उघडली की हिरवा देठ तपकिरी पडलेला. तेव्हा मलाही वाटलं होतं की जावं आपण पण सोबत.