जीटीके २ वरून ३ वर जाताना

जीटीके म्हणजे खिडक्या, बटणं वगैरे दाखवणारी लायब्ररी. तिच्यावर बांधलेला टेक्स्ट एडिटर आवृत्ती २ वरून ३ वर नेताना थेट ३ ची लायब्ररी जोडू नका, एररचा डोंगर उभा राहील. आधी २.२४ वरच 'जीसील एनेबल' आणि 'जीटीके डिसेबल डेप्रिकेटेड' हे फ्लॅग (कंपायलरला द्यायच्या सूचना) लावून कंपाइल करा. कोडमध्ये जीटीकेच्या स्ट्रक्चरच्या (माहितीच्या साच्याच्या) आतल्या फील्डना थेट हात घातलेल्या जागा तिथेच सापडतात. तिथे थेट फील्डऐवजी जीटीकेचं त्यासाठीचं फंक्शन वापरा.

खरी मेहनत स्वतः रंगवलेल्या विजेटांत (खिडकीतल्या घटकांत) आहे, उदाहरणार्थ ओळ-क्रमांकांची पट्टी. विजेट रंगवायची वेळ कळवणारा 'एक्स्पोज इव्हेंट' जाऊन ३ मध्ये 'ड्रॉ' सिग्नल आला. कैरो या चित्र काढणाऱ्या लायब्ररीचा कॉन्टेक्स्ट (ज्यावर रंगवायचं ती पाटी) आयता मिळतो, पण त्याचा शून्यबिंदू विजेटच्याच कोपऱ्यात असतो. ॲलोकेशनमधल्या (विजेटला मिळालेल्या जागेतल्या) एक्स-वायची जुनी बेरीज राहिली तर पट्टी सरकलेली दिसते.

एडिटरचे प्लगइनही (वरून जोडलेले छोटे प्रोग्रॅम) सोबतच बदला. एकाच प्रोसेसमध्ये २ आणि ३ एकत्र नांदत नाहीत. एक जुना प्लगइन अख्खा एडिटर पाडू शकतो. विंडोज-मॅकवरचं बिल्ड शेवटावर ढकलू नका.