शेततळ्यातल्या माशांना शेंगदाणा पेंडीऐवजी अझोला (पाण्यावर तरंगणारी छोटी नेचेवर्गीय वनस्पती) चालेल का?

पूर्ण पेंडीऐवजी नाही, पण तिचा काही भाग नक्की बदलता येतो. वाळलेल्या अझोलात साधारण २० ते २५ टक्के प्रथिने असतात. ताज्यात मात्र ९० टक्क्यांहून जास्त पाणीच, त्यामुळे किलोला किलो हिशेब धरू नका. गवत्या मासा (ग्रास कार्प) ताजा अझोला आवडीने खातो. रोहूसाठी तो सावलीत वाळवून, दळून कोंडा-पेंडीत मिसळा; सुरुवात दहा टक्क्यांपासून करा, वाढ बघून पुढे जा. वाढीसाठी लागणारे नत्र अझोला पानांतल्या नीलहरित शेवाळामुळे हवेतून मिळवतो, स्फुरद मात्र द्यावाच लागतो: शेण आणि थोडे सुपर फॉस्फेट. विदर्भ-मराठवाड्यात उन्हाळ्यात अझोलाच्या वाफ्यावर शेडनेट हवीच. आणि कृपा करून तो तळ्यात पसरू देऊ नका. पाणी झाकले गेले की प्राणवायू घटतो, मासे दगावतात.