एका अंडपेशीत एकच शुक्राणू कसा शिरतो, आणि त्यासाठी सागरी अर्चिनचाच अभ्यास का करतात?
सागरी अर्चिन हा काटेरी, गोलसर समुद्री प्राणी. त्याचे फलन शरीराबाहेर, समुद्राच्या पाण्यात होते आणि त्याच्या अनेक जातींच्या अंडपेशी जवळजवळ पारदर्शक असतात. त्यामुळे इतरत्र शरीराच्या आत दडलेली ही घटना येथे साध्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहता येते. 1876 मध्ये ऑस्कर हर्टविग यांनी दोन केंद्रकांचे मीलन याच प्राण्यात पाहिले.

दोन शुक्राणू शिरले, तर गुणसूत्रांची वाटणी बिघडून भ्रूण सहसा मरतो. म्हणून पहिल्या शुक्राणूचा संयोग होताच अंडपेशीच्या पटलावरील (पेशीभोवतीच्या पातळ पडद्यावरील) विद्युत् दाब सुमारे उणे 70 मिलिव्होल्टवरून काही सेकंदांत धन बाजूला जातो आणि दुसऱ्याला प्रवेश मिळत नाही. हा अडसर तात्पुरता असतो. पाठोपाठ पेशीत कॅल्शियमची लाट पसरते, पटलाखालच्या कणिका आपले द्रव्य बाहेर सोडतात आणि मिनिटभरात फलन-आवरण, म्हणजे इतर शुक्राणूंना कायमचे रोखणारे कवच, वर उचलले जाते: शुक्राणू शिरला तेथे आधी फुगवटा दिसतो आणि मग तो पलीकडच्या टोकापर्यंत पसरत जातो. जीवशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याने हे दृश्य एकदा तरी पाहावे, असे मला मनापासून वाटते.

सस्तन प्राण्यांना मात्र हे जसेच्या तसे लागू करू नये. उंदराच्या अंडपेशीत असा जलद विद्युत् अडसर आढळत नाही, तेथे भिस्त बाह्य आवरणातील आणि पटलातील बदलांवर असते.