आजीला म्हटलेले सॉरी

चि. छकुलीस,

अनेक आशीर्वाद.

नाना गेल्यानंतर चौथ्या दिवशी तू आजीशी फोनवर बोललीस. अगदी हळू आवाजात तू "आय ॲम सॉरी, आजी" म्हणालीस आणि तिकडून आजी म्हणाली, "अगं, तू कशाला सॉरी म्हणतेस? तू काय केलेस?" फोन माझ्या हातात देऊन तू खोलीत निघून गेलीस. रात्री तू मला विचारलेस, "बाबा, मी काय चुकीचे बोलले? तुमच्या मराठीत सॉरी म्हणतच नाहीत का? तू पण मला कधी म्हणत नाहीस." पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे: तू काहीही चुकीचे बोलली नाहीस. दुसऱ्या प्रश्नातला 'तुमच्या' मला लागला, आणि तिसऱ्या वाक्यावर काहीच न सुचल्यामुळे मी दिवा मालवून बाहेर आलो. तोंडाने जमले नाही ते लिहून पाहतो. लांबले तर तुकड्यातुकड्याने वाच, अडलेले शब्द विचार, आणि कंटाळा आला तर ठेवून दे. वाचलेच पाहिजे असे नाही.

आजी तुझ्यावर रागावली नव्हती. तिच्या लेखी सॉरी या शब्दाला एकच अर्थ आहे, तो म्हणजे 'माझ्या हातून चूक झाली'. हा अर्थ तिने आमच्याकडून घेतला आणि आम्ही तो शाळेतून घरी आणला. आम्हाला इंग्रजी पाचवीपासून होते, पण पहिला धडा सुरू होण्यापूर्वीच सॉरी आणि थँक्यू हे दोन शब्द वर्गात येऊन बसले होते. शाई सांडली की सॉरी, रांगेत धक्का लागला की सॉरी, आणि दोघांची मारामारी झाली की बाई त्यांना समोरासमोर उभे करून "सॉरी म्हणा" असे फर्मावत. आम्ही जमिनीकडे बघत, दंड भरल्यासारखा तो शब्द भरत असू आणि सुटत असू. "माझे चुकले" म्हणताना घसा दाटून येई. सॉरी म्हणताना काहीच होत नसे, आणि म्हणूनच तो आम्हाला इतका आवडला असावा, असे आता वाटते.

देश सोडून इकडे आल्यावर कळले की आम्ही त्या शब्दाचे एकच टोक धरून बसलो होतो. पहिल्याच महिन्यात मला ताप आल्याचे ऐकून एक सहकारी सॉरी म्हणाला, तेव्हा मी त्याला मनापासून समजावले की यात त्याचा काहीही दोष नाही. आजीचेच उत्तर, फक्त इंग्रजीतून. फोनवर तर याहून मोठी फजिती झाली. पलीकडची बाई "सॉरी?" म्हणायची, मी मोठ्या मनाने "असू द्या" म्हणायचो, की ती पुन्हा "सॉरी?" म्हणायची. तिला माझे बोलणे ऐकू आले नव्हते आणि मी तिला तिसऱ्यांदा क्षमा करत होतो. हळूहळू बाकीचेही ध्यानात आले. जागा शिल्लक नाही असे सांगताना येणारे सॉरी हा नकार असतो. "आय ॲम सॉरी, बट" अशी सुरुवात झाली की पुढे माफी येत नाही, मतभेद येतो. "यू विल बी सॉरी" ही चक्क धमकी असते. आणि कुणाची अवस्था 'सॉरी' आहे असे म्हटले, तर ती दयनीय असते आणि त्यात माफी कुणीच मागत नाही.

मग मी शब्दकोश उघडला. जुन्या इंग्रजीत हा शब्द 'सारिग' असा होता आणि तो 'सार' म्हणजे वेदना, दुखरी जागा, यावरून आला. दुखऱ्या घशाला तू 'सोअर' म्हणतेस तो त्याचाच भाऊ. दुःख या अर्थाचा 'सॉरो' त्याचा सख्खा वाटतो, पण त्याचे मूळ निराळे आहे. दोघे इतकी शतके शेजारी राहिले की एकाचा उच्चार दुसऱ्याला लागला. म्हणजे मुळात या शब्दात चूक नव्हती आणि माफीही नव्हती. 'मला दुखते आहे' एवढेच होते. तू आजीला जे म्हणालीस ते त्याच्या सर्वांत जुन्या अर्थाला धरून होते.

या दोन अर्थांच्या गोंधळात केवळ आजी आणि मीच सापडलो, असे समजू नकोस. ऑस्ट्रेलियात मूळ रहिवाशांची मुले सरकारने कित्येक दशके आईवडिलांपासून हिरावून नेली होती. त्याबद्दल देशाने सॉरी म्हणावे, अशी मागणी झाली, तेव्हा पंतप्रधान जॉन हॉवर्ड यांचे म्हणणे होते की मागच्या काळातील कृत्यांचा दोष आजच्या पिढीने का घ्यावा. "तू काय केलेस?" हाच तो प्रश्न. १९९९ मध्ये त्यांनी संसदेत मनःपूर्वक खेद व्यक्त करणारा ठराव मांडला, पण त्यात सॉरी हा शब्द नव्हता. पुढच्या वर्षी मे महिन्यात हजारो लोक सिडनीच्या पुलावरून चालत गेले, तेव्हा विमानाच्या धुराने तोच एक शब्द आकाशात लिहिला गेला. अखेर १३ फेब्रुवारी २००८ रोजी पंतप्रधान केविन रड यांनी तो संसदेत उच्चारला. मला मात्र याहून वेगळीच गोष्ट लक्षात राहिली: तिथले मूळ रहिवासी इंग्रजीत बोलताना आपल्याकडील मृत्यूनंतरच्या शोकविधींना 'सॉरी बिझनेस' म्हणतात. जुना अर्थ त्यांच्याकडे अजून जिवंत आहे. उलट कॅनडातील ओंटारिओ प्रांताला २००९ मध्ये कायदा करून सांगावे लागले की सॉरी म्हणणे म्हणजे दोष कबूल करणे नव्हे, कारण तोच शब्द पुढे दिवाणी दाव्यात अंगाशी येईल या भीतीने माणसे तो गिळून टाकत होती.

आता 'तुमच्या' मराठीविषयी. आपल्याकडे हे सारे एका शब्दात कोंबलेले नाही. दुःख झाले तर 'वाईट वाटले' म्हणायचे, चूक झाली तर 'चुकले', आणि सूचनाफलकावर 'गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत' असे लिहायचे. हा दिलगीर फारसीतून आलेला, त्यातही दिल म्हणजे हृदय आहेच. 'माफ कर' आणि 'क्षमा कर' यांची गोष्ट जरा वेगळी आहे. सॉरी म्हणणारा स्वतःच्या मनाची स्थिती सांगतो आणि मोकळा होतो. 'माफ कर' म्हणणारा समोरच्याकडे काहीतरी मागतो, आणि मागणारा नेहमी खाली उभा असतो. क्षमा या शब्दाच्या मुळाशी तर सोसणे आहे. म्हणजे मी केलेले तू सोस, अशी ती विनंती. नानांसारख्या माणसाने ती दहा वर्षांच्या मुलाला कशी करावी?

मी चौथीत असताना नानांचे शाईचे पेन जमिनीवर पडून त्याचे टोक वाकले होते. नानांनी कुणालाही न विचारता मला धरले आणि बरेच बोलले. संध्याकाळी धाकट्या काकाने आपणच ते पाडल्याचे कबूल केले, पण घरात त्यावर एक शब्द निघाला नाही. सकाळी दप्तर उघडले, तर कंपासपेटीतल्या सगळ्या पेन्सिलींना ब्लेडने लांबलचक, सारखी टोके काढलेली होती. आमच्या घरात असे टोक एकट्या नानांनाच काढता येई. मी ती माफी म्हणून घेतली आणि कित्येक वर्षे तुझ्या आईला ही गोष्ट कौतुकाने सांगत आलो.

तुझ्या मोठ्या आत्याला हे कौतुक मान्य नाही. ती म्हणते, "तुला पेन्सिली वाचता आल्या, मी वाट बघत राहिले." तिच्या लग्नाच्या वेळी नाना तिला जे बोलले होते, त्याबद्दल पुढे त्यांनी तिच्यासाठी पुष्कळ काही केले, पण 'माझे चुकले' हे शब्द उच्चारले नाहीत, आणि आता उच्चारणारही नाहीत. तिच्यासमोर मी नानांची बाजू घेतो आणि घेता घेता अडखळतो. शिवाय त्या दिवशी नानांनी नुसत्या पेन्सिलीच तासल्या असतील, ही शंका मला हल्ली येते. विचारायचे राहून गेले.

तू झोपल्यावर मी आजीला पुन्हा फोन केला आणि तू सॉरी कशासाठी म्हणालीस ते सांगितले. सहकाऱ्याची आणि तापाची गोष्टही सांगितली. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "असं होय. मग तिला सांग, मलाही फार सॉरी वाटतंय." तिला पुन्हा फोन करावासा वाटला तर कर, कोणत्या भाषेत बोलायचे ते तुझे तू ठरव.

आणि शनिवारी तुझ्या वहीवरून मी जो आवाज चढवला, ती वही माझ्याच बॅगेत निघाली. रविवारी तुझ्या सायकलची साखळी मी बसवून दिली होती, ती त्यासाठी. तुला ती नुसती साखळी वाटली असणार. माझे चुकले, छकुले. सॉरी.

तुझा,
बाबा